गाडीखालचा पाटा

फोन दुपारी आला. ह्यांच्या कंपनीतून, मोरेभाऊंचा. "वहिनी, सुधाकररावांना जरा बरं वाटत नाहीये, तुम्ही लगेच निघा..." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी अंगावर पडली का?" बिचारे मोरे म्हणाले, "कुठली गाडी, वहिनी?" मी फोनची वायर ताणून गॅलरीतून खाली पाहिलं. लाल गाडी ताडपत्रीखाली जागच्या जागी उभी होती. मग झालं तरी काय? कळलं ते असं, की जेवून हे खुर्चीत बसले, "जरा पाणी द्या" म्हणाले... आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. इतकी वर्षं ज्या मरणाची मी धास्ती घेतली ते आलंच नाही. दुसरंच आलं, भर दुपारी, खुर्चीत.

महिना होऊन गेला, तरी रविवारी सकाळी माझा कान गॅलरीकडे लागतोच. ह्याला कारण ती गाडी. ह्यांच्या कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना ती ह्यांच्या गळ्यात मारून गेला. जर्मन, दोन दारांची, बुटकी, शर्यतीत पळवायची जात. सुरू केली की सोसायटीतली कुत्री शेपूट घालून पळायची. पहिल्या महिन्यातच बिघडली. वाशीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि हात जोडले. "साहेब, ह्याला लागणारे पानेसुद्धा आपल्याकडे नाहीत." झालं! एवढं ऐकायचाच अवकाश. कंपनीत हे मेंटेनन्सलाच. आठवडाभर तिथली मशिनं दुरुस्त करायची आणि रविवारी जुना लेंगा चढवून गाडीखाली शिरायचं, असं सुरू झालं. वरून बघावं तर नुसते दोन पाय दिसायचे. पायांत माझ्या भावाने दिवाळीला घेतलेल्या चांगल्या चपला, तेलाने काळ्या झालेल्या!

मला भीती वाटायची, साधी सरळ भीती. एवढं लोखंडाचं धूड एका जॅकवर उचललेलं आणि त्याच्याखाली माझा माणूस. आमचं नेरूळ म्हणजे खाडीत भराव टाकून केलेली जमीन. सोसायटीच्या फरश्या कुठे खचतील सांगता यायचं नाही. मी फोडणी टाकता टाकता गॅलरीत यायची आणि हाक मारायची, "अहो!" खालून यायचं, "हं." मग माझा जीव भांड्यात. पाच मिनिटांनी पुन्हा "अहो!" कधी "हं" यायला उशीर झाला की मी चपला न घालता जिना उतरलेली असायची. हे वैतागायचे. "अगं, नट दातांत धरला होता! बोलू कसा?"

शेवटी एका रविवारी मी ठरवलं, ह्या जॅकवर माझा भरवसा नाही. सासूबाईंनी चिपळूणहून आणलेला काळा पाटा घरात होता. मिक्सर आल्यापासून ओट्याखाली पडून. तो उचलला, कमरेत उसण भरेपर्यंत जिना उतरले, आणि गाडीच्या कडेखाली दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा सरकवून दिला. हे खालून डोकावले. "आता काय गाडीची चटणी वाटणार?"

"तुमची होऊ नये म्हणून," मी म्हटलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. आधी पाटा, मग हे. सोसायटीभर आमची चेष्टा. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी ताराबाई तर गेटातूनच ओरडायची, "काय गो बाय, आज पन तुजा दादला गारीखालीच हाय?" तिने टोपली उतरवायची, मी खाली उतरून कोलंबी निवडायची, आणि मध्येच माझं "अहो!" की ताराबाई पोट धरून हसायची.

अशाच एका रविवारी ती टोपली उतरवत असताना फरशी खचली. जॅक तिरका झाला आणि धाडकन आवाज आला. माझ्या हातातली कोलंबी खाली. ताराबाईच ओरडली, "आयो! बाय, तुजा मानूस!" धूळ खाली बसेना. ते दोन पाय दिसत होते, हलत नव्हते. माझ्या जन्मात एवढी मोठी शांतता मी ऐकलेली नाही... आणि मग खालून आवाज आला, "आईचा पाटा फुटला वाटतं गं."

पाटा फुटला नव्हता, नुसता एक कोपरा उडाला होता. गाडी त्याच्यावर टेकून राहिली होती. हे सरपटत बाहेर आले आणि मी आधी रडले, मग सगळ्या सोसायटीसमोर ह्यांना असं काही झापलं की ताराबाईच म्हणाली, "पुरं गो आता." त्या दिवशी तिने कोलंबीचे पैसे घेतले नाहीत.

वाटलं, आता तरी ही थेरं थांबतील. कसलं काय! पुढच्या रविवारी पाटा घेऊन मीच खाली. कारण दुरुस्ती झाली की हे मला बसवून सीवूड्सच्या बाजूला न्यायचे. तिथे तेव्हा नुसते रिकामे रस्ते आणि गवत. हे एक कान पुढे करून इंजिन ऐकायचे आणि चेहरा असा व्हायचा की रागवायचं मी विसरायची. इंजिनात जरा वेगळी टकटक झाली की ह्यांना झोप लागायची नाही. आणि स्वतःच्या छातीत दुखलं तर? "ॲसिडिटी गं." एवढ्या तीक्ष्ण कानाच्या माणसाला आपलंच काही ऐकू येऊ नये, ह्याचा मला अजून संताप येतो. आणि मीसुद्धा भलत्याच बाजूला पहारा देत बसले.

परवा गाडी विकली. घेणाऱ्याने मेकॅनिक पाठवला. त्याने जॅक लावला आणि सरळ खाली शिरला. मी वरून ओरडले, "ओ दादा, बाहेर या आधी!" पाटा काढला. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी एकेक पायरी करत नेला आणि माझ्या हाताने ठोकळ्यांवर सरकवला.

"काकू, दोन मिनिटांचं काम आहे," तो हसला.

"असू दे. आता जा."

तो आत गेला. दोन पाय बाहेर राहिले. मी तिथेच उभी होते, आणि कसं कोण जाणे, तोंडून गेलंच, "अहो!"

"हं, बोला काकू."

बोलायचं तसं कधीच काही नसायचं. खालून "हं" आलं की झालं.