एमे रोगालने न चालवलेली वाट

मोंतास्को गावात एमे रोगालला सरळ नावाने हाक मारणारा माणूस विरळाच. कॅफेवाली सिदोनी त्याला 'रस्तेसाहेब' म्हणायची, तेही इतकं लांबवून, की साहेब संपेपर्यंत कॉफी गार व्हावी. "या रस्तेसाऽऽहेब, आज कुठल्या खड्ड्याची विचारपूस करून आलात?"

"तुझ्या दारातल्या. चांगलं बाळसं धरलंय त्याने."

बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. सला नदीकाठची कागद गिरणी बंद पडली तेव्हा एमे बावन्नचा होता. बायको केली नव्हती, शेत नव्हतं. गिरणीने त्याला दोनच गोष्टी दिल्या होत्या: बहिरा झालेला डावा कान आणि कामगारांचा सायकल क्लब. क्लबात एके काळी शंभरावर माणसं होती, आता अकरा उरली होती. पण पेन्टेकॉस्ट या उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या सणाच्या सोमवारी 'तीन खोऱ्यांची फेरी' निघायची म्हणजे निघायचीच. एकशे अठरा किलोमीटर. नदीकाठाने वर, पायथ्याच्या टेकड्यांतले दोन घाट, मग चेस्टनटच्या रानातून खाली. तुलूज शहराकडची चाळीसेक माणसंही यायची. आणि त्याआधी ती सगळी वाट तपासायची ती एमेने.

तपासायची म्हणजे सायकलवरून. गाडीतून नाही. क्लब काढणाऱ्या म्हाताऱ्यांनी हा नियम घालून ठेवला होता. बुडाला जे कळतं ते काचेमागच्या डोळ्यांना कळत नाही, असं ते म्हणत. एका दिवसात, पूर्ण फेरी, आणि मग वहीत सही. वही सिदोनीकडे बाटल्यांच्या फळीवर असायची. सही नाही तर फेरी नाही.

यंदा मे महिन्यात एमेच्या उजव्या खुब्याने दगा दिला. जिना चढताना तो कठड्याला असा धरायचा, जसं काही कठडाच पडणार आहे.

"म्हाताऱ्या, तुझ्या सांध्यातलं ग्रीस संपलंय," इलेर म्हणाला. इलेरचं सायकल दुरुस्तीचं दुकान पुलाजवळ होतं, आणि गिरणीत दोघं एकाच यंत्रावर तीस वर्षं उभे राहिले होते. "यंदा मी जातो वाट बघायला."

"तू? तू रस्ता बघत नाहीस, दर कोपऱ्यावर कुणाशी तरी गप्पा मारत बसतोस. पेन्टेकॉस्ट उलटून जाईल."

इलेरची बायको नोएली दुकानाच्या दारात मटार सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, "जाऊ दे रे त्याला. मेला तरी सही करूनच मरेल."

तिघंही हसले. एवढं झाल्यावर माघार घेणं एमेच्या स्वभावात नव्हतं.

त्याने सायकल गाडीत टाकली. निदान पहिला घाट तरी चढून बघू, असं मनात होतं. पण घाटाच्या पायथ्याशी टांग टाकायला गेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकल परत मागे गेली. एमेने सगळी फेरी गाडीतून केली. हळू, खिडकी उघडी ठेवून, वळणा-वळणावर मान बाहेर काढून. फांद्या पडल्या होत्या त्या बाजूला केल्या. एका मोरीवरची खडी हातांनी सारली. मनापासून केलं, फक्त गाडीतून.

दुसऱ्या घाटाच्या उतारावर गुरांची जाळी होती. रस्त्यात खड्डा, त्यावर आडवे लोखंडी दांडे. कुरणातल्या गाई दांड्यांना बिचकतात आणि खाली उतरत नाहीत, चाकं मात्र जातात. गाडी जाळीवरून गेली की 'डर्रर' असा एकसलग आवाज येतो. त्या दिवशी त्या डर्ररमध्ये उजवीकडून एक 'ठण्ण' आलं, बाकीच्यांहून अंमळ खालच्या सुरात. एमेचा पाय ब्रेकवर गेला. मग उतरायचं, वाकायचं, पुन्हा चढायचं, हे सगळं त्याच्या खुब्याने त्याच्या आधी मोजलं. हिवाळ्यात लाकडांचे ट्रक जातात, हलला असेल थोडा, असं म्हणून त्याने गाडी पुढे घेतली.

संध्याकाळी त्याने सही केली. "झाली का परिक्रमा?" सिदोनीने विचारलं. "झाली," एमे म्हणाला.

पेन्टेकॉस्टच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, नोएली त्या जाळीवर पडली. तिच्यापुढे सहाजण रस्त्याच्या मधून गेले होते. ती नेहमी अगदी उजव्या कडेने चालवायची. सायकलचं पुढचं चाक धरणारा चिमटा तुटला. मागून येणारे पोचले तेव्हा ती जाळीच्या पुढे चार हात अंतरावर पडलेली होती आणि तिची मान भलत्याच दिशेला होती.

पोलीस आले. जाळी पाहिली, दांडे सगळे जागेवर होते. मोजमापं घेतली. त्यांच्यातला एक तरुण, बोलताना प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा, इलेरला म्हणाला, "वेग जास्त असावा. ब्रेक लागले नसावेत."

इलेरला तेवढंच पुरलं. कारण त्याच सकाळी निघण्यापूर्वी, एमे शेजारी उभा असताना, त्याने बायकोच्या सायकलचे ब्रेक बदलले होते.

चौथ्या दिवशी एमे काठी टेकत त्या उतारावर गेला. उजव्या कडेच्या दांड्यावर पाय ठेवून त्याने भार दिला. दांडा दोन बोटं खाली गेला आणि सरकला. पाय काढला तसा परत जागेवर आला. एका टोकाचं वेल्डिंग तुटलं होतं. बुटाचा पाय त्यावरून सहज जायचा. सायकलचं बारीक चाक मात्र दांड्याला सारून फटीत उतरणार, हे बघायला सायकल लागतही नव्हती.

एमे बांधावर बराच वेळ बसला. मग त्याने ओकची एक पाचर तासून दांड्याखाली ठोकली. आणखी कुणी पडू नये म्हणून. ते खरं होतं. कुणाला कळू नये म्हणून, हेही खरं होतं.

क्लबचे अध्यक्ष दद्यू शोकसभेत पाऊण तास बोलले. दद्यू गिरणीत कारकून होते आणि अजूनही पत्रासारखंच बोलायचे. "एकंदरीत पाहता, आपल्या दिवंगत भगिनी, ज्या की आपल्यात नाहीत..." मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "दिवंगत आहे म्हणजे नसणारच ना." एरवी असल्या शेऱ्याला पहिला हसला असता तो इलेर. तो मांडीवर तळहात उलटे ठेवून, त्यांच्याकडे बघत बसला होता.

दुकान बंदच राहिलं. जून सरत आला तेव्हा एमे मागच्या दाराने आत गेला. कामाच्या टेबलावर नोएलीचे ब्रेक सुटे करून मांडले होते. इलेरने ते जोडले, तार ओढली, परत सुटे केले. त्याची पँट कमरेला दोरीने बांधलेली होती.

"हे बघ. इथे बोट घाल. सैल लागतंय का?"

"नाही."

"मलाही नाही लागत. पण मी हे नंतर आवळलं की आधीपासून आवळलेलं होतं, ते आता कसं कळणार? रोज आवळतोय मी." त्याने नट दिव्यापाशी नेला. "ती म्हणत होती, राहू दे, जुनेच बरे आहेत. मी म्हटलं, तुला काय कळतं यातलं. हे माझं शेवटचं बोलणं. एमे, तुझ्यासमोर मी डावा नट आवळला होता ना?"

"आवळला असशील," एमे म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून गेला आणि इलेरची मान खाली गेली. एमे घरी आला. कोबीचं सूप गरम केलं, ते तसंच गटारात ओतलं. क्लबातली माणसं त्याला मानत होती, बावीस वर्षं त्याच्या सहीवर डोळे मिटून उतारांवर सुटत होती. त्याच्यापाशी तेवढंच होतं. ते राखायचं तर इलेर असाच त्या टेबलापाशी आवळत-सोडत संपणार, हे त्याला ढळढळीत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इलेरला गाडीत बसवलं. इलेरने कुठे म्हणून विचारलं नाही. उतार लागला तेव्हा फक्त म्हणाला, "इथे नको रे."

"उतर."

एमेने गुडघे टेकले, हातोडीने पाचर काढली. "इथे पाय ठेव. उजवीकडे. भार दे."

इलेरने भार दिला. दांडा खाली गेला. पाय काढला, दांडा वर आला. त्याने परत दाबला. परत. सहा-सात वेळा दाबून पाहिला, जसं गिऱ्हाइकाची सायकल तपासतोय.

"हे तुला कधी कळलं?"

"ती गेल्यावर चौथ्या दिवशी." एमेने हातातली पाचर खाली ठेवली. "वाट तपासताना मी गाडीतून आलो होतो. आवाज आला होता."

"डाव्या कानाला?"

"उजव्या."

खाली कुरणात गाईंच्या घंटा वाजत होत्या. इलेर बांधावर बसला नाही, उभाच राहिला.

"उतरून बघायला किती पावलं होती?"

"आठ-दहा."

"म्हणजे ब्रेक चांगले होते," इलेर म्हणाला. मग त्याने तेच पुन्हा म्हटलं, सावकाश, जसं परक्या मुलखातलं वाक्य पाठ करतोय. चेहरा दोन्ही तळव्यांनी पुसला. "वहीत लिही."

शनिवारी सकाळी कॅफेत क्लबातले आठजण जमले. दद्यूंनी आधी प्रयत्न केला. "एकंदरीत पाहता, वही हा क्लबचा दस्तऐवज असून, त्यात असं लिहिल्याने गेलेलं माणूस..."

"दद्यू," इलेर म्हणाला, "बस खाली."

सिदोनीने फळीवरून वही काढली, फडक्याने पुसली आणि एमेपुढे ठेवली. एमेने आपल्या सहीखाली लिहिलं: ही वाट मी गाडीतून पाहिली. दुसऱ्या उतारावरच्या जाळीचा उजवा दांडा सुटला होता. आवाज येऊनही मी थांबलो नाही. नोएली तिथेच पडली. ब्रेकचा दोष नव्हता.

एकेकाने वाकून वाचलं. कुणी शिवी दिली नाही. त्याच्याकडे बघणंही टाळून त्यांनी टोप्या उचलल्या आणि ते बाहेर गेले, आणि सायकलींची कुलपं एकामागून एक उघडल्याचा आवाज आला.

इलेरने शेवटी वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून वही हातभर लांब धरून.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

एमेने तारीख घातली.

"सोमवारपासून दुकान उघडतोय मी." इलेरने खुर्ची नीट टेबलाखाली सारली. "तू येऊ नकोस."

"बरं," एमे म्हणाला.