वझं न्हाई, बेगार न्हाई

जालन्याकडच्या टेंभुर्णीला पाळक म्हणून आलो तेव्हा मी सोबत एक पितळी घंटा आणली होती. पुण्याच्या जुन्या बाजारात दुकानं धुंडाळून, घासाघीस करून घेतलेली. साल चोपन्न. पहिलीच नेमणूक, पहिलीच ख्रिस्ती मंडळी, नुकतंच लग्न झालेलं, आणि अंगात मेथडिस्ट शिस्त नुसती सळसळत होती. वाटलं, रविवारी सकाळी घंटा वाजेल, लोक धुतल्या कपड्यांत येतील, मी प्रार्थनाघराच्या दारात उभा राहून एकेकाचं स्वागत करीन. कप्पाळ! वाजवून वाजवून हात दुखायला लागला, पण काळं कुत्रं फिरकलं नाही.

"शाळेची घंटा वाटली असेल त्यांना," माझी बायको उषा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तेवढ्यात वस्तीच्या खालच्या अंगानं एक आवाज उठला. उठला म्हणजे काय, अहो, वर चढत गेला. कडुनिंबावरचे कावळे उडाले. तो आवाज एका दाराशी थांबायचा, घरच्या माणसाचं नाव घ्यायचा, दोन शब्द त्याच्याशी बोलायचा आणि पुढच्या दाराकडे निघायचा.

"झुंबरेऽऽ! चूल मागून फुंक! देवाघरचं बोलावणं हाये होऽऽ! वझं न्हाई, बेगार न्हाई, रिकाम्या हातानं याऽऽ!"

माझ्या अंगावर काटा आला. दारं उघडत गेली. बायका, बाप्ये, पोरं, काठी टेकत म्हातारी माणसं. बघता बघता प्रार्थनाघर भरलं. सगळ्यांत शेवटी एक उंच, वाळका म्हातारा लंगडत आला आणि दाराजवळ वहाणांच्या शेजारी बसला. तो कडूबा.

उपासना संपल्यावर मी त्याला गाठलं. "मामा, आवाज छान आहे तुमचा. पण हे 'वझं न्हाई, बेगार न्हाई' काय आहे? देवाच्या घरी असं बोलावतात का?"

"मंग कसं बोलवावं, सायब?"

"साधं म्हणा, प्रार्थनेला या."

"त्यानं कोण येतंय?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "भ्यायलेलं मानूस आधी हेच इचारतं, कशाला बोलावलं. त्याचं उत्तर पयलं द्यावं लागतं."

मी हात टेकले. घंटा उषानं स्वयंपाकघरात नेली आणि मला जेवायला बोलावण्यासाठी ती वाजवू लागली. तिथं मात्र तिचा बरोबर उपयोग झाला.

कडूबा निजामाच्या राज्यात गावचा येसकर होता. वेशीची राखण, दवंडी, सरकारी निरोप, सगळं त्याच्याकडे. मी आलो तेव्हा ते काम सुटून वर्षं झाली होती आणि तो कचरूलाल शेटजींच्या सरकीच्या गोदामावर राखण करायचा. पाय अधू, पण हातात काठी घेत नसे. मी जालन्याहून एक चांगली वेताची काठी आणून दिली, तर तिच्यावर त्यानं कोंबड्यांचा खुराडा उभा केला.

"येसकराची घुंगराची काठी व्हती ह्यांच्याकडं," त्याची बायको साळूबाई मला म्हणाली. "बाप्तिस्मा झाला त्या दिवशी न्हाणीच्या चुलीत घातली. तवापासून काठी हातात धरली न्हाई." मग जरा थांबून ती म्हणाली, "अन् एक सांगू का सायब? ह्यांनी जलमभर समद्या गावाला हाळी दिली. पन ह्यांला कवा कुनी दिली न्हाई. येसकराला कोन बोलवायला येतंय?"

ती हे हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो.

छप्पन्न साली दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या मंडळीत ढोलकी वाजवणारा कारभारी तिकडे गेला होता. कारभारी म्हणजे कडूबाचा पुतण्या, त्याच्या थोरल्या भावाचा एकुलता एक पोरगा. तो परत आला तो वेगळाच होऊन आला. ताठ चालायचा. पुढच्या वर्षी वस्तीतच दीक्षेचा कार्यक्रम झाला आणि आमची निम्म्याहून जास्त घरं बौद्ध झाली.

मी लांब उभा राहून बघत होतो. ही माझी माणसं. यांच्या लेकरांचा बाप्तिस्मा मी केलेला. पण ज्या बायका माझ्यासमोर तोंडावर पदर ओढून बसायच्या, त्या पांढऱ्या लुगड्यांत मान वर करून उभ्या होत्या. द्वारकाबाई, कारभारीची बायको, तिचा आवाज मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत बोलत होती. मला रडूही येत होतं आणि बघतच राहावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात सतरंजीचाच रंग जास्त दिसत होता. पण कडूबाची हाळी? ती जशीच्या तशी. ख्रिस्ती घर, बौद्ध घर, मुंबईला गिरणीत गेलेल्यांचं कुलूपबंद घर, प्रत्येक दाराशी थांबायची, नाव घ्यायची. मला मनातून बरं वाटलं. मग संध्याकाळी कारभारी आला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"पादरीसायब, तात्याला समजावा. माझ्या दारी हाळी देऊ नगं म्हनावं. आमी आता कुनाच्या हाळीवर उठनार न्हाई."

"अरे, प्रेमानं बोलावतात ते. यायलाच पाहिजे असं कुठं आहे?"

"प्रेमानं?" कारभारीचे डोळे लाल झाले. "ह्याच आवाजानं माझा बाप नेलाय."

आणि त्यानं सांगितलं. कुणी अंमलदार दौऱ्यावर आला होता. त्याचं सामान जाफ्राबादला न्यायला बेगारीची माणसं हवी होती. येसकरानं घरोघर हाळी दिली. कारभारीचा बाप तापानं फणफणला होता. तो उठला, डोक्यावर पेटी घेतली आणि वाटेतच पडला. परत आलं ते त्याचं मढं.

"मी लहान व्हतो," कारभारी म्हणाला. "पन आवाज बराबर ध्यानात हाये."

तो गेला तरी मी दारातच उभा होतो. तीन वर्षं ज्या आवाजानं माझा रविवार उजाडायचा, तो आवाज तिकडच्या घरात असा ऐकू जात होता! देवा, आणि मी म्हणत होतो छान आहे.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या ओट्यावर कडूबाला गाठलं. सगळं सांगितलं. तो सरकीच्या पोत्याच्या सुतळीचं टोक चाळवू लागला.

"खरं हाये," तो म्हणाला. "दादाला ताप व्हता हे मला ठावं व्हतं. म्हनलं, न्हाई दिली तर माझ्या पाठीवर फटके पडतील. दिली हाळी. दादा उठला. माझ्या आवाजावर उठला, सायब, दुसऱ्याच्या न्हाई." त्यानं नाक पुसलं. "त्या काठीचं घुंगरू वाजलं की लेकरं कणगीमागं दडायची. अशी वरसानुवरसं हाळी दिली म्या. मंग इथं आलो. आधीचे पादरीबाबा म्हनले, कडूबा, तुजं पाप धुतलं. म्हनलं, धुतलं असंल. पन त्या दारांचं काय? दारावर तर माझी हाळी तशीच हाये की! म्हनून दर इतवारी त्याच दारी दुसरी देऊन राह्यलो. ते इथं यावेत म्हनून न्हाई. आले तर आले. वझं न्हाई, बेगार न्हाई, येवढं त्यांनी माझ्याच तोंडून ऐकावं."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण ज्या कामाला आलो होतो ते करायलाच हवं होतं. धुणारा कडूबा असला तरी दार कारभारीचं होतं. तो नको म्हणत असेल तर नकोच.

"मामा, बाकीचे कुणी काही म्हणत नाहीत. पण कारभारीच्या दारी हाळी देऊ नका."

"न्हाई देनार." मग एखाद्या लेकरासारखं माझ्याकडे बघत म्हणाला, "पन जाऊ तर द्याल?"

तेव्हापासून रविवारची हाळी बदलली. मी अंगणात उभा राहून ऐकायचो. एक दार, दुसरं दार, तिसरं, आवाज चढायचा, उतरायचा. मग मध्येच सगळं शांत. त्या वेळी तो कारभारीच्या बंद दारासमोर मान खाली घालून, रिकामे हात सोडून उभा असायचा. एक हाळी होईल इतका वेळ. मग पुढच्या दारी आवाज. त्या मधल्या शांततेत माझा श्वास आपोआप थांबायचा. मी स्वतः इतकी उपदेशपर भाषणं केली, पण कुणाचा श्वास थांबल्याचं मला आठवत नाही. घोरलेले पुष्कळ आठवतात.

त्याच सुमारास पाळकांच्या एका बैठकीत मला विचारलं, "तुमच्याकडे आता मंडळी किती?" मी म्हणालो, "कडूबा मामा जितक्या दारी जातात तितकी." लोक हसले. मी चिडलो. ते काही मी विनोदानं म्हटलं नव्हतं. मी आलो तेव्हा मंडळी म्हणजे सतरंजीवर बसलेली माणसं, असं समजत होतो. सतरंजी रिकामी होत गेली तसा घाबरलो, रागावलो, रात्र रात्र उषाचं डोकं खाल्लं. आणि हा माणूस दर रविवारी उठून, जो येणार नाही त्याच्याही दाराशी जात होता. त्याच्याकडे बघितलं की माझी घाबरायची हिंमत होत नसे.

एकोणसाठच्या हिवाळ्यात कडूबाचा घसा बसला. काढे झाले, शेक झाले. जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज येणार नाही. परत आणला तो नुसते ओठ हलवायचा, आणि त्यातलं फक्त साळूबाईला कळायचं.

"दिसभर भिताडाकडं तोंड करून पडून राहत्यात," साळूबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "एकच म्हनत्यात. एक दार राह्यलं. कारभारीचं दार तसंच राह्यलं."

मी कारभारीला जाऊन सांगणार होतो. उषानं अडवलं. "तुम्ही नका पडू मध्ये. त्याला ओझं होईल," ती म्हणाली. मी गेलो नाही.

तो रविवार उजाडला. उन्हं अंगणात आली आणि कुठूनच काही आवाज नाही. इतकं सुनं की शेजारच्या घरातलं जातं ऐकू यावं. हळूहळू लोक दाराबाहेर आले. आमचे आले, बौद्धांच्या घरांतले आले, सगळे आपापल्या उंबऱ्यावर उभे. कचरूलाल शेटजी दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन थेट माझ्याकडे आले. "पादरीसाब, आज इतवारच हाये ना? कडूबा बोलला न्हाई, तर मला वाटलं माझाच हिशेब चुकला."

उषानं आतून घंटा आणली. "वाजवा," ती हळूच म्हणाली. मी घेतली. पण हात काही वर उचलेना.

आणि हाळी आली.

तोच आवाज! तसाच चढत जाणारा. कावळे उडाले. "उठला की कडूबा!" कुणीतरी ओरडलं. मी घंटा टाकून पळत सुटलो, माझ्यामागं अर्धी वस्ती.

कडूबाच्या दारासमोर कारभारी उभा होता. अंगात पांढरा सदरा, दोन्ही हात रिकामे, मान वर.

"कडूबा तात्याऽऽ! ऊठ! बोलावणं हाये होऽऽ! वझं न्हाई…"

तिथं त्याचा आवाज फुटला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"कडूबा तात्याऽऽ! ऊठ! बोलावणं हाये होऽऽ! वझं न्हाई, बेगार न्हाई! रिकाम्या हातानं येऽऽ!"

दार उघडलं. कडूबा चौकटीला धरून उभा होता. मागं साळूबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. कडूबाचे ओठ हलले. कारभारीनं जवळ जाऊन कान त्याच्या तोंडाशी नेला, ऐकलं आणि मान हलवली.

"ऐकलीय, तात्या," तो म्हणाला. "दर इतवारी ऐकलीय. न दिलेली बी ऐकलीय."

मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. कारभारीनं म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं हळूहळू चालत प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत आले.

"माझं हितवरच, तात्या," कारभारी म्हणाला. म्हाताऱ्याला चौकटीला टेकवून तो आपल्या घराकडे वळला. द्वारकाबाई दारात त्याची वाट बघत होती.

मी धावत पुढं जाऊन दारात उभा राहिलो. एकेकाचं स्वागत करायचं म्हणून पहिल्या रविवारी ठरवलं होतं ना, तसा. कडूबा मामा त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी आले होते. वहाणांजवळ न बसता ते सरळ पुढं गेले, सतरंजीवर बसले, आणि दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून बाकीच्यांची वाट बघू लागले.