फाळक्यावर पडलेला हात

भूत, करणी, उतारा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईला "जरा पाणी पी, बरं वाटेल" असं तोंडावर सांगून मी सासरी, उंब्रजमध्ये, दोन-चार जणींशी वाकडं घेतलेलं आहे. तरीही हे लिहिते आहे... कारण ऐकणारी मी एकटी नव्हते. आम्ही चौघं होतो आणि भर दुपार होती.

सात-आठ वर्षांमागचा उन्हाळा. माझं माहेर जतच्या पूर्वेला, एका वस्तीवर. सगळीकडे उघडा माळ, आणि वस्तीच्या अलीकडे एक खोल घळ — दोन्ही बाजूंना मुरमाच्या उभ्या भिंती, तळाला कोरडी वाळू. त्या वर्षी नेहमीच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि वस्तीची वाट बंद झाली. इकडे वहिनीचे दिवस भरत आलेले. आधीची दोन्ही बाळं घरीच, अडून गेलेली. या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, कळा सुरू व्हायच्या आधी दवाखान्यात आणा.

आमच्या ह्यांचा स्वतःचा ट्रक. उसाचा हंगाम संपलेला, क्लीनर लग्नाला गावी गेलेला. "घळीतनं पूर्वी बैलगाड्या जायच्या म्हणं. बघू तरी," म्हणाले आणि मलाच क्लीनर करून वहिनीला आणायला निघाले.

"गाडी मागं घेताना फाळक्याजवळ, ह्या मागल्या फळीपाशी, उभं ऱ्हायचं," त्यांनी शिकवलं. "एक हात मारलास की मी थांबणार. दोन मारलंस की चालू. ध्येनात ऱ्हाईल न्हवं?"

पहिल्याच वळणाला घाबरून मी फाळक्यावर धडाधड हात मारत सुटले. मला म्हणायचं होतं थांबा. ते समजले, जोरात चला! आरसा मुरमाला घासून गेला.

"आवं क्लीनरबाई," हे खाली उतरून म्हणाले, "हात मारायचाय, ढोलकी न्हाई वाजवायची!"

सगळी सकाळ तशीच गेली. उतरायचं, दगड बाजूला करायचे, पुढे वाट आहे का ते चालत जाऊन बघायचं, परत चढायचं. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. भिंतींवर तांबड्या-पिवळ्या मातीचे पट्टे, वर कुठेतरी होले घुमत होते. आणि वस्तीवर पोचलो तर वहिनीच्या कळा सुरू झालेल्या.

तिला केबिनमध्ये गोधडीवर निजवलं आणि आल्या पावली मागे फिरलो. भाऊ आणि मी ट्रकच्या पुढे चालत होतो. मधल्या अवघड वळणापलीकडे दरडीतून सुटून एक दगड वाटेत आलेला. आम्ही दोघं तो ढकलायला लागलो. इकडे ट्रक वळणात बसेना. मी मागेच उभी आहे असं समजून ह्यांनी रिव्हर्स टाकला... आणि गाडी एकदम थांबली.

"आता काय झालं गं मागं?" हे ओरडले.

"मी मागं कुठं? मी हिकडं पुढं हाय की!"

"मग हात कुणी मारला?"

भाऊ धावत मागे गेला आणि तिथूनच किंचाळला, "दाजी, मागं घिऊ नगासा!"

मागच्या चाकापासून वीतभरावर एक जुना झिरा होता. पाण्यासाठी तळ खणून केलेला, पुरुषभर खोल खड्डा, वरून काट्या टाकून झाकलेला. चाक त्यात गेलं असतं तर ट्रक तिथेच अडकला असता, आणि वहिनीही.

ह्यांनी गाडी जराशी पुढे घेतली, पण पाय ब्रेकवरून उठेना. भाऊ आणि मी वाटेतला दगड कडेला लोटून दोघंही केबिनच्या दाराशी येऊन उभे. तेवढ्यात मागून — धप्, धप्.

तळहाताचाच आवाज. चौघांनी ऐकला. ह्यांनी गिअर टाकला आणि ट्रक वळणातून अलगद निघाला.

दगड पडला असेल, म्हणाल. बरोबर वेळ साधून एकदा आणि मग दोनदा? कुणी मेंढका असेल? वाळूत आमच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. डांबरी लागल्यावर मी फाळका निरखून पाहिला. माझे सकाळचे पंजे धुळीखाली पुसट झालेले, ताजा ठसा एकही नाही.

केबिनमध्ये चढले तर वहिनीने माझा हात धरला. दोन बाळं गेल्यापासून तिने तिसऱ्यासाठी एक चिंधीसुद्धा बाजूला काढली नव्हती, कुणाला काढू दिली नव्हती.

"वन्सं," कळ जिरवत ती म्हणाली, "बाळाला गुंडाळाय काय आणलंय का वो तुमी?"

मला रडूच फुटलं. "पिशवीत माझं धुतलेलं लुगडं हाय," मी म्हणाले, "त्येच फाडू."

दवाखान्यात पोचलो आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. असा टाहो फोडला की बाहेर भाऊ मटकन खालीच बसला.

हात कुणी मारला, हे मला आजही सांगता येत नाही. पोर आता शाळेत जाते, आणि वहिनी दिवसभर तिच्या नावाने ओरडत असते.