आकडे लिहिलेली भिंत

कुणी गाडी घेऊन आलं आणि "अंदाजानं आवळून द्या ना मिस्त्री" म्हणालं, की मिस्त्री उजव्या हाताचा तळवा पुढे करायचे. "आकडा द्या," म्हणायचे. "अंदाज माह्याजवळ भेटत नाई."

तुम्ही कधी दुसरबीडवरून गेला असाल, तर त्यांचं गॅरेज तुम्ही पाहिलंच असेल. पत्र्याचं छप्पर, दारात एखादा खोललेला ट्रॅक्टर आणि रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले आकडे. कोणत्या इंजिनाचा कोणता बोल्ट किती आवळायचा, कुठे किती फट ठेवायची, सगळं मराठी अंकांत. बाकीचे मिस्त्री म्हणायचे, धंद्याचं गुपित रस्त्यावर मांडून बसलाय. मी समोरच राहायचो, कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. मला ती भिंत, खरं सांगतो, विद्रूप वाटायची.

या आकड्यांच्या नादाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी, गावी पिंपळगाव राजाला असताना, त्यांनी पाण्याच्या टँकरचं इंजिन अंदाजाने बांधलं होतं. भर उन्हाळ्यात तिसऱ्याच फेरीला हेडचे बोल्ट तुटले आणि त्यांच्या वस्तीला आठ दिवस पाणी मिळालं नाही. "बायाईनं मले शिव्या नाई देल्ल्या सर," ते म्हणाले. "रिकामे हंडे घेऊन समोरून जात होत्या, अन् माह्याकडं पाहात नव्हत्या."

अशा माणसाकडे मेहकरच्या एका डॉक्टरांची स्पोर्ट्‌स कार आली. जुनी, जपानी, लाल, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की गतिरोधकावर पोट टेकायचं. नाल्याच्या पाण्यात घातल्यामुळे इंजिन जाम झालं होतं. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले होते. मिस्त्रींनी इंजिन खोललं, घासूनपुसून सगळे भाग सतरंजीवर ओळीने मांडले, झिजलेले बदलले आणि मग थांबले. या इंजिनाचे आकडे भिंतीवर नव्हते.

मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून दिलं. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"यात प्लीज किती वेळा टाकलं सर?"

"तीन वेळा."

"दोन काढा. मी मागून नाई राह्यलो, विचारून राह्यलो."

उत्तर आलं. ही माहिती फक्त अधिकृत केंद्रांना दिली जाते, गावातल्या गॅरेजवाल्यांनी अशा इंजिनाला हात लावू नये. मिस्त्रींनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग हात पुसत म्हणाले, "माहा आजा ओट्याखाली उभा राहून पोथी ऐके, तं त्याले हाकललं. आता नातवाले इंजिनाचं पुस्तक देऊन नाई राह्यले."

"मिस्त्री, ते दिवस गेले," मी म्हणालो.

"तुमचे आजे साखरखेर्ड्याले पोथी वाचत होते ना?"

"हो."

"मंग तुमाले काऊन मालूम राहीन?" असं म्हणून ते हसले आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

इकडे डॉक्टरांचा धीर सुटला. येत्या रविवारी मोठा टेम्पो आणतो आणि गाडी जशी असेल तशी उचलून नेतो, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे गावातल्या मिस्त्रीने इंजिन खोललं, पण त्याला ते बांधता आलं नाही, हे रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात बोललं जाणार होतं. तेच मला नको होतं. मी इंटरनेटवर शोधलं. तीन हौशी लोकांनी हेडच्या बोल्टचे तीन आकडे दिले. मी पडलो मास्तर. तिन्हींची सरासरी काढली आणि कंपनीचं पत्र आलं म्हणून मिस्त्रींना सांगितली.

त्यांनी टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते आकड्यात दाखवणारा पाना, पहिल्या बोल्टवर बसवला. जोर लावण्याआधी थांबले आणि तळवा पुढे केला. "पत्र दाखवा."

मला खरं सांगावं लागलं. त्यांनी पाना पुसून पेटीत ठेवला. "तीन अंदाज मिळून एक अंदाज केला तुमी," ते म्हणाले. "तुमी तरी मले खोटा आकडा द्याले नव्हता पाह्यजे सर."

मला लाज वाटली. घरी येऊन मी पुन्हा लिहायला बसलो. या गाड्यांवर बोलणारे जगभरातले लोक जिथे जिथे जमतात, तिथे तिथे लिहिलं आणि या वेळी सगळं लिहिलं. टँकर, हंडे, पोथी, माझी सरासरीसुद्धा. शनिवारी दुपारी जपानमधल्या एका निवृत्त मेकॅनिकने इंजिनाच्या पुस्तकाची अकरा पानं पाठवली. मी ती घाईत न बघताच छापून धावत गॅरेजात गेलो आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की सगळी पानं जपानीत आहेत.

"मिस्त्री, यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही."

"अक्षरं राहू द्या." त्यांनी चष्मा लावला. "आकडे तं येतात ना?"

पण त्यांनी लगेच पाना उचलला नाही. आधी पानावरच्या चित्रातली मापं आणि सतरंजीवरच्या भागांची मापं एकेक करून ताडून पाहिली. पिस्टन जुळला, झडपा जुळल्या, बोल्टची लांबी जुळली. "हाव. याचंच पुस्तक हाय," ते म्हणाले. मग मी आकडे वाचत गेलो आणि ते आवळत गेले, चित्रात दाखवलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत.

रविवारी डॉक्टर टेम्पो घेऊन आले, तेव्हा गाडी इंजिन सुरू होऊन रस्त्यावर उभी होती आणि मिस्त्री भिंतीवर आकडे रंगवत होते. टेम्पो रिकामा परत गेला. मिस्त्रींनी मला कंपनीला आणखी एक पत्र लिहायला लावलं. या इंजिनाचे आकडे लागले तर दुसरबीडला या, भिंतीवर आहेत, परवानगी लागत नाही. त्यात एकही प्लीज नव्हतं.

गेल्या थंडीत मिस्त्री छातीच्या दुखण्याने गेले. गॅरेजची जागा दुसऱ्याने घेतली आणि आल्या आल्या भिंतीला पांढरा रंग मारायला माणूस लावला. मी विनंती केली, भांडलोही. जागा त्याची होती. शेवटी त्याला तासभर थांबवून मी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले आणि निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. आता ते माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर आहेत. लाल गाडीचे आकडे सगळ्यांत वर आहेत. "सर, चांगली भिंत काऊन खराब करून राह्यले?" असं शेजारी विचारतात. विचारू देत.

परवा एक ट्रॅक्टरवाला रस्त्यातूनच ओरडला, "सर, हेडचा बोल्ट कितीवर आवळू?" आकडा मला पाठ आहे, ओठांवर आलाही होता. मी उठलो, चष्मा लावला, फाटकाबाहेर गेलो आणि भिंतीवरून वाचून सांगितला.