यांनी गेल्यावर दिलेली देणगी

हे गेल्यावर पाच महिन्यांनी यांनी अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला देणगी दिली. मला ते यांच्याच इनबॉक्समधून कळलं.

यांचा ईमेल मी बंद केला नव्हता. बँक, विमा, सगळीकडे मृत्यूचा दाखला पाठवून झाला होता. मुलगी म्हणायची, आई, आता हेही बंद कर. मी आज करते, उद्या करते, असं करत राहिले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये यांच्या टेबलाशी बसायचं आणि यांना आलेलं सगळं वाचून काढायचं, ही सवयच लागली होती. बहुतेक जाहिराती असत. एके दिवशी त्यात ते पत्र आलं. थेट यांच्या पहिल्या नावाने हाक मारलेली, जी मीसुद्धा चाळीस वर्षांत कधी मारली नाही. खाली लिहिलं होतं की तुझ्यासारख्या मित्रांनी दिलेल्या देणग्यांमुळेच आपण ही प्रायमरी जिंकणार.

यांचा पासपोर्ट अमेरिकन. न्यू जर्सीत पंधरा वर्षं काढून आम्ही सिंगापूरला आलो तोवर हे तिथले नागरिक झाले होते. मी मात्र भारतीय पासपोर्ट सोडला नाही. त्यामुळे तिकडून पत्र येण्यात नवल नव्हतं. पण हा उमेदवार? पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायच्या प्रायमरीत जे सात-आठ जण उभे होते, त्यांतला हा यांच्या सगळ्यात डोक्यात जायचा. त्याचं तोंड टीव्हीवर दिसलं की हे चॅनल बदलत. "दात विकायला बसलाय," म्हणत.

काहीतरी घोळ असणार, म्हणून मी सोडून दिलं. पत्रं मात्र रोज यायला लागली. सांगायला लाज वाटते, पण मला ती आवडायची. सगळ्या जगाने यांना आपापल्या यादीतून खोडलं होतं आणि हा दात विकणारा एकटाच यांना रोज सकाळी हाक मारत होता. एकदा त्याने विचारलं, तू अजून आमच्यासोबत आहेस ना? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं होती. मी हो दाबलं.

खोलीत आपल्याखेरीज कुणी आहे असं वाटून मी मागे वळून पाहिलं. ते दिवस चिनी सातव्या महिन्याचे. खाली ब्लॉकच्या कडेला शेजारी पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा जाळत होते, त्यांच्या मेलेल्या माणसांना तिकडे खर्चायला. धूर आमच्या पाचव्या मजल्यापर्यंत यायचा. आमच्या घरी उलटाच कारभार चालला होता. इथे मेलेला माणूसच जिवंतांना पैसे पाठवत होता. मी खिडक्या लावून घेतल्या. तरी पुढच्या महिन्याभरात मी आणखी दोनदा हो दाबलं.

मग एका अमेरिकन पत्रकाराचं पत्र आलं, तेही यांनाच. त्याच पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराने तक्रार केली होती की याचे पुष्कळसे देणगीदार नुसते नावाचे आहेत. एका माणसाने किती द्यायचं याला तिकडे कायद्याने मर्यादा आहे. म्हणून बडी मंडळी आपले पैसे इतरांच्या नावाने देतात, आणि तो गुन्हा आहे. पत्रकाराने यांना सरळ विचारलं होतं, ही देणगी तुम्ही स्वतः दिलीत का?

मी मुलीला बोलावून घेतलं. ती वन-नॉर्थला नोकरी करते, ऑफिसजवळच खोली घेऊन राहते आणि रविवारी घरी येते. त्या दिवशी मधल्या वारी आली. देणगीदारांची यादी तिकडे कुणालाही बघता येते. तिने दोन मिनिटांत काढली. यांचं नाव, आमच्या घरचा पत्ता, व्यवसाय सल्लागार.

"आई, डेट बघ. धिस इज आफ्टर बाबा," ती म्हणाली. मग तिच्या सिंगापुरी वळणाने म्हणाली, "काकांनी केलंय. हू एल्स, लाह?"

काका म्हणजे यांचे पंचवीस वर्षांचे मित्र. तेही अमेरिकन पासपोर्टवाले. पैसा अफाट, समुद्र दिसणारा कॉन्डो, आणि त्या उमेदवारासाठी इथल्या अमेरिकनांकडून देणग्या जमवायचा नवा छंद. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. पत्रकाराने त्यांनाही गाठलं होतं.

"वहिनी, एक सही हवी होती," बसता बसता ते म्हणाले. त्यांनी आणलेल्या कागदावर लिहिलं होतं की, ही देणगी माझ्या नवऱ्याने हयातीतच ठरवून ठेवली होती, पैसे जायला तेवढा उशीर झाला.

"भाऊजी, यांना तो माणूस नजरेसमोर चालत नव्हता."

"माहितीये मला. पण नावं कमी पडत होती. यादी करायला बसलो आणि त्याचंच नाव हाताला आलं. तो मला कधी नाही म्हणाला नसता."

"नाही म्हणायला ते होते कुठे?"

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकून माहीत होती. ती आपल्याच सोफ्यावर बसून आपलाच चहा पितात, हे माहीत नव्हतं. हे जिभेवर आलं होतं, पण बोलले नाही. कारण शेवटचे चार महिने याच माणसाने दर रविवारी येऊन यांची दाढी केली होती. मुलीचा आणि माझा हात कापायचा. हे मान वर करून डोळे मिटून बसत, आणि हा कोट्यधीश माणूस वाटीत गरम पाणी घेऊन गालावरून हळूहळू पातं फिरवायचा. मला सही करावीशी वाटली, हे कबूल करते. पण केली असती तर ज्या माणसाला यांनी जन्मभर नावं ठेवली, त्याचे हे कायमचे देणगीदार झाले असते, आणि तेही माझ्या शब्दावर.

भाऊजींनी कप खाली ठेवला. आवाज उतरला होता. "वहिनी, आणखी एक. प्रचारवाल्यांच्या रेकॉर्डला दिसतंय, तो त्यांच्या पत्रांना उत्तरं देतोय. चार वेळा दिलीत. कोण देतंय?"

मी त्यांचा कप उचलला. ते यांच्या टेबलाकडे बघत उठले आणि कागद ठेवून निघून गेले.

मी तीन दिली होती.

मी पुन्हा पुन्हा मोजली. तीनच. चौथ्याची इनबॉक्समध्ये काही खूण नव्हती. भर दुपार होती, खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती, तरी मला त्या खोलीत पाय टाकवेना. यांचा कॉम्प्युटर सुरू होता, आणि मी बंद केला होता की नाही ते आठवेना.

दोन दिवसांनी भाऊजींना फोन करून सांगितलं की सही करणार नाही. "बरं," एवढंच म्हणाले. ते परत आले नाहीत. मग मुलीने उमेदवाराच्या वकिलांना लिहिलं आणि एका सकाळी त्यांच्याकडच्या बाईंचा फोन आला. मुलगी रजा टाकून शेजारी बसली होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. माझा नवरा त्या तारखेला जगात नव्हता. देणगी त्याने दिली नाही, मीही दिली नाही. तीन वेळा हो म्हणणारी मी, त्याची बायको. का म्हणालात, असं बाईंनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

"आणि चौथं?" बाईंनी विचारलं.

"ते माझं नाही."

मग त्या वाचायला लागल्या. चौथ्या वेळी बटणं नव्हती, प्रश्न होता. सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? इतरांनी महागाई, औषधपाणी, असलं काही लिहिलं असणार. यांच्या नावाखाली लिहिलं होतं, माझ्या बायकोची. ती दिवसभर एकटी असते आणि कुणाला सांगत नाही.

मी यांच्या खोलीकडे पाहिलं. पण खरं सांगते, ती भीती नव्हती. मला आनंद झाला होता. हे कुठेतरी आहेत आणि तिथून मला बघताहेत, यावर त्या एका मिनिटात माझा पुरता विश्वास बसला होता.

मुलगी फोनकडे वाकली. "दॅट वन वॉज मी," ती म्हणाली. यांच्या ईमेलचा पासवर्ड तिलाही माहीत आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तीही तिच्या खोलीत बसून बापाची पत्रं वाचत होती, आणि ते प्रश्नाचं पत्र उत्तर देऊन तिने पुसून टाकलं होतं.

"अगं, मग मलाच विचारायचं होतंस."

"तुला विचारलं की तू 'मी बरी आहे' म्हणतेस, आई. ऑल्वेज."

वकीलबाई अजून फोनवर होत्या. यांचं नाव आता सगळ्याच याद्यांमधून काढू का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे यापुढे पत्र येणार नाही, हेही सांगितलं. मी मुलीचा हात धरला आणि काढा म्हणाले.