ढाब्यावरची प्लेट माझी होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी शहापूरची, ब्लाउज शिवते. पोट लहान करायचं ऑपरेशन केलं, चाळीस किलो उतरले. तिसऱ्या वर्षी परत चढायला लागले. अनेकींचं असं होतं म्हणे, म्हणून तर दर बुधवारी दुपारी आमची मोबाइलवर मीटिंग असते. समुपदेशक मॅडम विचारतात — काय खाल्लं, खाताना मनात काय होतं. वजन आपलं आपण सांगायचं. मी खोटं सांगायचे. मॅडम सगळ्यांसमोर कौतुक करायच्या आणि मला — कसं सांगू — पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

ग्रुपमध्ये टोकावड्याची वैशाली होती. वयानं लहान, सगळं खरं सांगणारी. सासूचा विरोध पत्करून तिनं ऑपरेशन केलेलं. मॅडमनी तिला माझ्याकडे सोपवलं. तुम्ही तिकडच्याच, म्हणाल्या, धीर द्या.

एका रविवारी मी टोकावड्याला नात्यातल्या बारशाला गेले. चारचौघांत घासभरच खाल्लं. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून ढाब्यावर बसले. भजी, परत भजी, मग गुलाबजाम. दमादमानं, तासभर. मान वर केली तर समोर वैशाली.

ती शेजारी बसली. प्लेटकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, मला पन असंच होतं. बुधवारी दोघी मिळून सांगू, मग जड नाय जानार."

मला ती धमकी वाटली. नाही — हेही खोटं. धमकी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

बुधवारी मीच आधी बोलले. म्हटलं, वैशालीला ढाब्यावर बघितलं, भजी आणि गुलाबजाम खाताना. स्क्रीनवर तिच्यामागे सासू तांदूळ निवडत बसलेली दिसत होती. ती दिसली म्हणूनच आवाज चढवला. मॅडमनी हळूच विचारलं, खरं आहे का? वैशाली माझ्याकडे — म्हणजे मोबाइलकडे — बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

का म्हणाली असेल? मला वाचवायला? की तिचं कुणी ऐकलंच नसतं म्हणून? मागून सासू म्हणाली, "पोट कापलं तरी हिची भूक नाय मेली," आणि हात पुढं करून फोन बंद केला.

मला हलकं वाटलं. लाज वगैरे नाही — हलकं.

पुढच्या बुधवारी ती नव्हती. तिला परत आणा, असं मॅडमनी मलाच सांगितलं. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. "ताई, माझा फोन काढून घेतलाय. मी कुनाला काय नाय सांगनार. मॅडमना फक्त सांगा, मला यायचंय. वजन लय वाढतंय."

मी तो दोनदा ऐकला. पुसला. नंबर ब्लॉक केला. आणि मॅडमना कळवलं — खूप समजावलं, तिलाच यायचं नाही.

ग्रुपमध्ये नवी बाई आली की मॅडम तिला आजही माझ्याकडेच सोपवतात. मी नाही म्हणत नाही.