धक्क्याच्या आळीची नवी सून

ऑगस्टमधल्या शोभेच्या दारूकामाच्या दिवशी आमच्या गावात कोण कधी नदीवर येतं, यावरून त्याचं घरातलं वजन कळतं. वजनदार माणसं ऊन उतरल्यावर येतात. अंघोळ करून, युकाता म्हणजे उन्हाळी सुती किमोनो घालून, हातात पंखा घेऊन. त्यांच्यासाठी निळी ताडपत्री आधीच पसरलेली असते. ज्यांना वजन नाही, ते उजाडताना येऊन ती पसरतात. ओत्सुजी यासुए चौतीस वर्षं उजाडताना येत होत्या.

यासुएकाकू माझ्या आईबरोबर शाळेच्या जेवणघरात काम करतात. अंगानं बारीक, आवाज मोठा, गाजर सोलण्यात कोणाला हार जात नाहीत. त्या राहतात धक्क्याच्या आळीत. नदीवर होड्या चालत तेव्हाचा जुना धक्का तिथं आहे, त्याच्या मागे ही आळी. तिचा रिवाज असा की आळीत सगळ्यात नवं असेल त्या माणसानं दारूकामाला जागा धरायची. काकू डोंगरापलीकडच्या गावातून लग्न होऊन आल्या, त्या उन्हाळ्यात हे काम त्यांच्याकडे आलं.

"वर्ष-दोन वर्षं कर," सासूबाईंनी सांगितलं होतं. "मग दुसरी कोणीतरी येईलच."

दुसरी कोणी आली नाही. आळीतली मुलं शिकली, तोक्योला नाहीतर साइतामाला गेली आणि तिकडेच संसार मांडून बसली. काही घरांना कुलूप लागलं, एक पाडून तिथं गाड्या लावायला जागा केली. काकूंचा स्वतःचा मुलगाही साइतामात आहे. त्याची बायको दोनदा येऊन गेली, पण पाहुणी म्हणून. ती आळीत मोजली जात नाही. सासूबाई वारल्या, सासरे वारले, काकूंचे केस पिकले, तरी आळीतले म्हातारे त्यांना "नवी सून" म्हणत राहिले. चेष्टाही होती आणि खरंही होतं.

जागा धरणं म्हणजे पूर्वी सोपं काम होतं. ताडपत्री पसरायची, कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, चिकटपट्टीवर आळीचं नाव लिहायचं आणि घरी जायचं. दुसऱ्याच्या ताडपत्रीला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. पण एका वर्षी जोराचा वारा सुटला, ताडपत्र्या एकमेकींवर चढल्या आणि कोणाची कुठली यावरून चांगलीच जुंपली. तेव्हापासून दारूकामाच्या कमिटीचा नियम आहे, की प्रत्येक ताडपत्रीवर कोणीतरी बसलेलं हवं. नाहीतर स्वयंसेवक ती गुंडाळून कमिटीच्या तंबूत आणून ठेवतात. म्हणून काकू डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून दिवसभर उन्हात बसत. संध्याकाळी आळी येई. मग बीअरच्या बाटल्या बर्फातून काढा, शेंगा वाटा, कोणाचं पोर शौचालयात न्या, कोणी चप्पल घालून ताडपत्रीवर चढलं तर टोका. अंधार पडून पहिलं दारूकाम वर जाई, तोवर काकूंचा जीव जाई. बऱ्याच वर्षी त्या झोपून जात. एकदा शेवटचा मोठा भडिमार चालू असताना, नदी दोन्ही काठांनी थरथरत असताना, त्या शेंगांच्या पिशवीवर डोकं ठेवून घोरत होत्या. सेकिने आजोबा ही गोष्ट दरवर्षी सांगतात. सेकिने आजोबा आळीचे प्रमुख. वय सत्त्याऐंशी, ऐकू कमी येतं, बोलायला कमी पडत नाहीत.

गेल्या वसंतात आळीतलं एक बंद घर भाड्यानं गेलं. कानाए नावाची मुलगी नागोयाहून आली. दाताच्या दवाखान्यात नोकरी, एक मांजर, नवरा नाही. आली त्याच दिवशी तिनं रिवाजाप्रमाणे दारोदार जाऊन एकेक हातरुमाल दिला. काकूंनी तो घेतला आणि, आईच्या म्हणण्यानुसार, दुसऱ्या दिवशी जेवणघरात त्या गाजर सोलता सोलता मध्येच थांबत होत्या.

जुलैत आळीची बैठक झाली. कचऱ्याचे वार, गवत कापायचा दिवस हे सगळं झालं. दारूकामाचा विषय निघाला तेव्हा सेकिने आजोबा म्हणाले, "जागा नेहमीप्रमाणे. पुढे."

"नेहमीप्रमाणे म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे आमची नवी सून."

"आजोबा, आळीत नवं माणूस आलंय."

सगळ्यांनी कानाएकडे पाहिलं. कानाए चहा पीत होती.

"ती भाडेकरू आहे," आजोबा म्हणाले. "सून नाही."

"रिवाज सुनेचा नव्हता, नव्या माणसाचा होता. माझ्या आधी कोण धरत होतं? तुमचे धाकटे भाऊ. ते कोणाची सून होते?"

दोघंतिघं हसले. काकूंचे यजमान तोकुओ हळूच म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. लोक काय म्हणतील."

"तुम्ही धरता का मग?"

तोकुओकाकांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी धरते की," कानाए म्हणाली. "त्यात काय? नुसतं बसायचंच ना?"

यावर मात्र कोणी हसलं नाही. सेकिने आजोबा काकूंकडे वळले. "आणि तू काय करणार त्या दिवशी?"

"बघणार," काकू म्हणाल्या. "तुम्ही सगळे येता तशी संध्याकाळी येणार आणि बघणार. चौतीस वर्षांत एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेलं नाही मी."

"बघ बघ. त्यात काय आहे? वर जातं, फुटतं."

बैठक संपल्यावर कानाए काकूंच्या मागे आली. जागा कुठं धरायची, किती वाजता जायचं, सोबत काय घ्यायचं, हे ती विचारत होती. काकूंनी तिला ताडपत्री दिली, टॉवेल ओला ठेवायला सांगितलं. नेमकी जागा मात्र सांगितली नाही.

"तुला वाटेल तिथं धर. आता तू धरणारी. मी मध्ये बोलणार नाही."

आई म्हणते, यात थोडा रागही होता. ज्या कामाला नावं ठेवत चौतीस वर्षं काढली, ते कोणी एका वाक्यात उचललं, की बरं वाटतंच असं नाही. पण काकूंनी स्वतःशी एक ठरवलं होतं: त्या दिवशी नदीकडे डोकवायचं नाही. एकदा डोकावलं, की ताडपत्रीची सुरकुती दिसणार, ती सरळ करायला वाकायचं, आणि वाकलं की संपलं.

त्या दिवशी त्या उजाडताना जाग्या झाल्या त्या झाल्याच. दुपारपर्यंत त्यांनी दोनदा फरशी पुसली. तीनच्या सुमारास छत्री घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग कपाटातून युकाता काढला. लग्नात त्यांच्या आईनं दिलेला, निळ्यावर पांढरी पानं. घड्या तशाच कडक. पट्ट्याची गाठ मागे बांधायची सवय राहिली नव्हती. एकदा बांधली, वाकडी आली. सोडली, परत बांधली.

"मी निघतो," तोकुओकाका दारातून म्हणाले. "आजोबांना हात धरून न्यायचंय. तू ये मागून. जागा तुला काय सांगायची!"

त्यात काही चूक नव्हती. जागा कुठं आहे हे कधी कोणाला काकूंना सांगावं लागलं नव्हतं.

त्या निघाल्या तेव्हा अंधारत होतं. मोबाइल घरीच राहिला होता. कानाएनं आळीतल्या सगळ्यांना नकाशावर खूण करून जागा कळवली होती, तो संदेश त्या मोबाइलवर न वाचलेला होता. लाकडी खडावा घालून काकू बांधावर चढल्या आणि सवयीनं पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खांबाकडे गेल्या. दरवर्षी त्यांची ताडपत्री त्या खांबाच्या खाली असे. खांबाखाली दुसरीच माणसं बसली होती.

खालपासून वरपर्यंत काठ भरलेला होता. सगळ्या ताडपत्र्या निळ्या. अंधारात सगळी डोकी सारखी. आजवर लोकांनी काकूंना शोधलं होतं. त्या हात वर करून उभ्या राहत आणि आळी त्यांच्याकडे येई. उभं राहून दुसरं कोणी दिसतं का, हे बघायचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्या दोनदा इकडून तिकडे गेल्या. मग पहिलं दारूकाम वर गेलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

"अहो, बसा ना!" खांबाखालच्या ताडपत्रीवरून एक बाई ओरडल्या. "मागच्यांना तुमचा पट्टाच दिसतोय नुसता."

"माझी माणसं आहेत इकडं कुठंतरी."

"असतील. पळून कुठं जातात? बसा आधी. खडावा काढा तेवढ्या."

काकू टोकाला बसल्या. ती मंडळी नदीच्या मुखाकडच्या गावातली, मासळी बाजारात काम करणारी होती. त्या बाईंनी विचारपूस न करता शेंगांचं भांडं पुढे सरकवलं.

"युकाता छान आहे हो. दरवर्षी येता?"

"दरवर्षी येते," काकू म्हणाल्या. "बघायला पहिल्यांदाच."

बाईंना ते कळलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली आणि बर्फाचा गोळा खात वर बघायला लागल्या.

इथपर्यंतचं मला आईकडून कळलं. पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलं; खांबाखालचं तेवढं आईकडूनच. मी पंपांच्या कारखान्यात विजेचं काम बघतो आणि दारूकामाच्या दिवशी कमिटीच्या तंबूत ध्वनिक्षेपकाजवळ बसतो. काठावर चौदा कर्णे आहेत, त्यातला एखादा दरवर्षी ऐन वेळी मान टाकतो. कार्यक्रम मध्यावर आला होता तेव्हा तोकुओकाका धापा टाकत तंबूत आले. मागे कानाए, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेली, उन्हानं नाक लाल झालेलं.

"बायको हरवली," काका म्हणाले.

"किती वर्षांची?" निवेदन करणाऱ्या बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. त्यांच्याकडे तोवर फक्त पोरं हरवल्याचे निरोप आले होते.

"एकसष्ट."

बाईंनी वर पाहिलं. मग माइक चालू केला. "धक्क्याच्या आळीच्या ओत्सुजी यासुए, आपल्या घरची मंडळी कमिटीच्या तंबूपाशी आपली वाट बघत आहेत."

कर्णे सगळे चालत होते. खांबाखालच्या कर्ण्यातून ते काकूंना नीट ऐकू आलं. शेजारच्या बाईंनाही.

"कोणीतरी म्हातारी हरवलीय वाटतं," बाई म्हणाल्या. "या गर्दीत बिचारीला घेऊन तरी कशाला येतात!"

"सापडेल," काकू म्हणाल्या आणि शेंग सोलली.

तंबूत कानाए रडकुंडीला आली होती. "नेहमीच्या खांबापर्यंत आजोबांना फार चालावं लागेल म्हणून मी बांधाच्या उताराजवळ धरली. मला वाटलं, बरं पडेल. काकूंना विचारायला हवं होतं."

"तिनं तुला सांगायला नको?" काका म्हणाले. मग गर्दीकडे बघत, "मी तरी तिला सोबत आणायला हवं होतं."

निवेदन दुसऱ्यांदा झालं. कोणी आलं नाही. काका तंबूच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक उजेडात माणसांचे चेहरे बघत राहिले. वर काय चाललंय ते त्यांनी पाहिलं नाही. शेवटचा भडिमार सुरू झाला तेव्हा तंबूची कनात हलत होती आणि टेबलावरचे पेले एकमेकांवर वाजत होते. मग एकदम शांतता झाली. धूर पाण्यावर उतरला. आमच्याकडे कार्यक्रम संपला, की पलीकडच्या काठावरच्या दारूकाम करणाऱ्यांना लोक मोबाइलचे दिवे हलवून दाखवतात आणि तेही लाल दिवे हलवतात. काकूंकडे मोबाइल नव्हता. त्यांनी त्या बाईंचा पंखा मागून घेतला आणि तो हलवला.

त्यानंतर त्या तंबूत आल्या. खडावा हातात, पायांना फोड आलेले.

"कुठं होतीस?" काका म्हणाले. "सगळे शोधतायत!"

"बघत होते."

"दोनदा पुकारलं. ऐकू नाही आलं?"

"आलं की. दोन्ही वेळा आलं."



कानाए पुढे येऊन कमरेतून वाकली. "काकू, माझं चुकलं. मी जागा बदलली आणि तुम्हाला—"

"उताराजवळ धरलीस ना? आजोबांना बरं पडलं असेल." काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "ताडपत्रीवर आत्ता कोण आहे?"

"सगळे आहेत. आवरतायत." कानाए घुटमळली. "म्हणजे... आजोबा सांगतायत आणि बाकीचे करतायत."

काकू वळल्या. खांद्यावरचा युकाता सावरून एक पाऊल तंबूबाहेर टाकलं, आणि तिथंच थांबल्या. मग परत आत येऊन मी केबल ठेवतो त्या पेटीवर बसल्या.

"तुम्ही जा," त्या काकांना म्हणाल्या.

"मी?"

"घडीला दोन माणसं लागतात. चिखलाची बाजू आत."

काका गेले. कानाए त्यांच्या मागे गेली. मी काकूंना जवाचा गार चहा दिला. त्यांनी एक पेला संपवला, दुसरा मागितला. तंबूतून उताराचा भाग दिसत होता. तिथं तीनचार विजेऱ्या हलत होत्या आणि त्यांच्या उजेडात एक भली मोठी निळी ताडपत्री उभी-आडवी होत होती. एक टोक कोणीतरी सोडलं. कोणीतरी ओरडलं. ती परत उलगडावी लागली. काकू ती घडी पुरी होईपर्यंत बघत होत्या. घडी वाकडी झाली. त्या उठल्या नाहीत.